भावाच्या प्लेस्टेशनवर फोर्झा आला, आता माझा एक्सबॉक्स विकू का?

ताई, प्रश्न ऐकून हसू नकोस. मी २८ वर्षांचा आहे, नोकरी करतो, जुन्या एक्सबॉक्स ३६० च्या काळापासून मायक्रोसॉफ्टच्या कन्सोलवर खेळणारा एक्सबॉक्सवाला. चार वर्षांपूर्वी पहिल्या मोठ्या बोनसमधून एक्सबॉक्स सीरिज एक्स घेतला तो फोर्झा आणि हेलोसाठी, कारण हे गेम दुसरीकडे कुठे मिळतच नाहीत हे मी घरात सगळ्यांना छाती ठोकून सांगितलं होतं. माझ्या धाकट्या भावाने पीएस५, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५, घेतला तेव्हा मी त्याची भरपूर खेचली होती. आता फोर्झा होरायझन ५ त्याच्याकडे आहे, गिअर्स ऑफ वॉर त्याच्याकडे आहे आणि हेलोसुद्धा प्लेस्टेशनवर येणार म्हणून जाहीर झालं. परवा मला म्हणतो, "दादा, तुझा खोका दाराला टेकवून ठेव, वाऱ्याने दार आपटतं फार." आठवडा झाला मी त्याच्याशी नीट बोललो नाहीये. रात्री दोन दोन वाजेपर्यंत अनोळखी लोकांशी ऑनलाइन भांडतोय. कंपनीने फसवलं असं वाटतं. सगळं विकून पीएस५ घेऊन टाकू का?
हाती धुपाटणं

अरे धुपाटण्या,

हसले मी, खोटं कशाला सांगू, पण तुझ्या प्रश्नाला नाही, त्या दाराच्या जोकला. भाऊ आगाऊ आहे तुझा पण टायमिंग चांगलं आहे त्याचं.

विकायचं नंतर बघू. आधी ते "फसवलं" घेऊ, कारण तू रात्री दोनपर्यंत भांडतोयस ते त्याच्यासाठी. तुझ्याकडून नक्की काय गेलं? फोर्झा तुझ्या मशीनवर अजून आहे ना, गाड्या आहेत, एवढ्या वर्षांचं सगळं आहे. तू तो नोव्हेंबर २०२१ मध्ये आला तेव्हापासून खेळू शकत होतास, तुझ्या भावाला मिळाला एप्रिल २०२५ मध्ये, म्हणजे जवळजवळ साडेतीन वर्षांनी, वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. हिशोबाने बघितलं तर तुझा एक पैसा बुडालेला नाही. तरीपण झोंबतंय, आणि ते मला कळतं, कारण तू नुसत्या गेमचे पैसे दिले नव्हतेस, "हा फक्त माझ्याकडे आहे" याचेही दिले होतेस आणि गेलं ते हेच. खोटं दुःख नाहीये ते. फक्त मला असं वाटतं की ती गोष्ट तुला कोणी दिलेली नव्हतीच, तूच धरून बसला होतास.

हेलोचंच बघ. जुलै १९९९ मध्ये हा गेम पहिल्यांदा जगाला दाखवला गेला तो मॅकवर्ल्डमध्ये, ॲपलच्या स्टेजवर, स्टीव्ह जॉब्सच्या हस्ते. मॅकवर येणार होता तो. मग २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने बंजी हा स्टुडिओच विकत घेतला आणि नोव्हेंबर २००१ मध्ये पहिल्या एक्सबॉक्सबरोबर हेलो बाजारात आला. म्हणजे ज्या गेमवर तू एवढा हक्क सांगतोस तो एक्सबॉक्सचा झाला तोच मुळात दुसऱ्या कोणाच्या तरी ताटातून उचलून. तेव्हा मॅकवाले किती चिडले असतील विचार कर. पुढची गंमत म्हणजे बंजी २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टपासून वेगळी झाली आणि २०२२ मध्ये तिला विकत घेतलं कोणी, तर सोनीने. हेलो बनवणारं घर आज प्लेस्टेशनवाल्यांचं आहे आणि त्याच हेलोचा रिमेक, कॅम्पेन इव्हॉल्व्ह्ड, ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झाला तो एक्सबॉक्स, पीसी आणि पीएस५ तिन्हींसाठी. यात कोण कोणाचं आणि कशाला रक्त आटवायचं.

एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एकाच कन्सोलवर मिळणारा गेम, हे गळाला लावलेलं आमिष असतं रे. प्रेम नसतं ते. खोका विकून यांना फारसं काही सुटत नाही, २०२१ मध्ये एपिक ही गेम कंपनी आणि ॲपल यांचा खटला चालू होता तेव्हा मायक्रोसॉफ्टच्याच अधिकाऱ्याने कोर्टात सांगितलं की एक्सबॉक्सच्या मशीनवर कंपनीने कधी नफा कमावलेला नाही. कमाई पुढे असते, तू त्यांच्या दुकानातून जो गेम घेतोस त्यातला साधारण ३० टक्के वाटा दुकानदाराचा. म्हणून आधी हेलो दाखवून तुला दुकानात आणायचं आणि मग वर्षानुवर्षं तू तिथूनच खरेदी करायचीस, असा तो सगळा मामला. हे जोपर्यंत जमत होतं तोपर्यंत फोर्झा तुझा होता.

मग जमेनासं झालं. तुझ्या सीरिज एक्सच्या आधीचा एक्सबॉक्स वन प्लेस्टेशन ४ च्या मागे पडला, इतका की २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने किती मशीन विकली हे सांगणंच बंद केलं. तेव्हाचे एक्सबॉक्सचे प्रमुख फिल स्पेन्सर २०२३ मध्ये एका मुलाखतीत स्पष्टच बोलले की हरायला कन्सोलची सगळ्यात वाईट पिढी ती होती, कारण लोकांनी आपली डिजिटल लायब्ररी, म्हणजे ऑनलाइन विकत घेतलेल्या गेमचा साठा, तेव्हा उभी केली. हे वाक्य लक्षात ठेव, तुझा खोका विकायचा का याचं उत्तर त्याच्यातच आहे, मी परत येते त्याच्याकडे.

आणि दुसरीकडे खर्च बघ. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्याची कागदपत्रं नीट न झाकता बाहेर आली त्यातून कळलं की सोनीला द लास्ट ऑफ अस पार्ट टू बनवायला सुमारे २२ कोटी डॉलर लागले होते, होरायझन फॉरबिडन वेस्टला सुमारे २१ कोटी. एका गेमला! एवढे पैसे ओतून तो गेम एकाच खोक्याच्या मालकांना विकायचा तर खोकेही तेवढे विकलेले पाहिजेत. मायक्रोसॉफ्टने तर त्याच्यावर बेथेस्डा या गेम स्टुडिओची मालक कंपनी ७५० कोटी डॉलरला घेतली, मग कॉल ऑफ ड्यूटीवाली ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ६,८७० कोटी डॉलरला, तो व्यवहार ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्ण झाला. तो मंजूर व्हावा म्हणून कॉल ऑफ ड्यूटी प्लेस्टेशनवर दहा वर्षं राहील असा करारही सोनीशी केला. म्हणजे तुला कळायच्या आधीच तुझी कंपनी प्लेस्टेशनच्या दुकानातली मोठी व्यापारी झाली होती, आणि माइनक्राफ्ट तर २०१४ मध्ये विकत घेतल्यापासून सगळीकडे विकतच होते ते.

तुझा राग कुठे बरोबर आहे ते पण सांगते, नाहीतर म्हणशील ताई कंपनीची वकिली करते. सांगण्याची पद्धत वाईट होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये पॉडकास्ट काढून सांगितलं की चार गेम दुसरीकडे जाणार, पण कुठले ते सांगितलंच नाही, ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा प्रकार. पेंटिमेंट, हाय-फाय रश, ग्राउंडेड आणि सी ऑफ थीव्ह्ज अशी नावं नंतरच्या दिवसांत बाहेर आली. तेव्हा म्हणाले इंडियाना जोन्स त्या चारमध्ये नाही. खरंच नव्हता. पाचवा असेल असं कोणी विचारलं नव्हतं ना, एप्रिल २०२५ मध्ये आला तो पीएस५ वर. शब्दांत खोटं काही नाही पण ऐकणाऱ्याला वाटावं एक आणि व्हावं दुसरं, याला आमच्यात चलाखी म्हणतात, आणि तू चिडलास तर त्यात तुझी काही चूक नाही. आणि हाय-फाय रश पीएस५ वर गेला मार्चमध्ये आणि मे महिन्यात तो बनवणारा टँगो स्टुडिओच बंद करायचं जाहीर केलं, नंतर क्राफ्टन नावाच्या दुसऱ्या गेम कंपनीने त्याला सांभाळलं म्हणून वाचला. जास्त लोकांपर्यंत गेम पोचला की बनवणाऱ्यांचं भलं होतं असं म्हणणाऱ्यांना हे पण सांगत जा. कमेंटमध्ये नको पण. तोंडी.

सोनीचंही सोवळं सुटलंय हं, तुझ्या भावाला सांग. होरायझन झीरो डॉन २०२० मध्येच पीसीवर आला, गॉड ऑफ वॉर २०२२ मध्ये. आणि २६ ऑगस्ट २०२५ ही तारीख तर मजेशीर आहे, त्या एकाच दिवशी गिअर्स ऑफ वॉर रीलोडेड पीएस५ वर आला आणि सोनीचा हेलडायव्हर्स २ तुझ्या एक्सबॉक्सवर. फक्त निन्टेन्डोवाले आपलं दार लावून बसलेत, मारिओ आणि झेल्डा दुसऱ्याच्या कन्सोलवर देत नाहीत, त्यांना गरजही नाही, त्यांचे स्विच कन्सोल १५ कोटींच्या वर विकले गेले आणि ते मशीनवरही कमावतात.

पण हेलडायव्हर्स दाखवून मी तुला उगाच फुगवणार नाही. हा रस्ता अजून बराचसा वनवे आहे. मायक्रोसॉफ्टचे मोठे गेम पीएस५ वर जातायत, सोनीचे मोठे एकट्याने खेळायचे गेम, गॉड ऑफ वॉर म्हण, स्पायडरमॅन म्हण, अ‍ॅस्ट्रो बॉट म्हण, ते एक्सबॉक्सवर आलेले नाहीत. आज कोणी कोऱ्या पाटीवर येऊन मला विचारलं की ताई एकच कन्सोल घ्यायचाय, आधीचं काहीच नाही, तर मी सरळ पीएस५ सांगेन, दोन्हीकडचं मिळतं म्हणून. हे ऐकून तुला राग येईल पण तुझा भाऊ हिशोबाने बरोबर निघालाय. नशिबाने म्हण हवं तर.

पण तुझी पाटी कोरी नाहीये ना राजा. ३६० च्या काळापासून आहेस म्हणतोस. आता स्पेन्सरचं ते वाक्य आठव. तू मशीन चालू कर आणि एकदा नुसती यादी बघ, काय काय घेतलंयस इतक्या वर्षांत, सेलमध्ये घेतलेले, अर्धे सोडलेले, दोनदा संपवलेले. जुन्या एक्सबॉक्सचे, ३६० चे, वनचे कितीतरी गेम सीरिज एक्सवर चालतात. त्यातला एकही पीएस५ वर तुझ्याबरोबर येणार नाही. फोर्झासुद्धा नाही, तिथे तो परत विकत घ्यावा लागेल, आणि तुझा सेव्ह, म्हणजे गेममधली आतापर्यंतची प्रगती, तिकडे जात नाही, म्हणजे एवढ्या वर्षांच्या गाड्या सोडून पहिल्या गाडीपासून सुरुवात. ज्या गेमसाठी भांडतोयस तोच परत विकत घेणार आहेस का तू? त्याच कंपनीकडून? असा सूड मी तरी कुठे बघितला नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. मी स्वतः एकदा रागाच्या भरात कन्सोल विकलेला आहे, कुठला ते सांगत नाही, नाहीतर दोन्हीकडचे लोक मला मेल करतील. आमचा ग्रुप हळूहळू दुसऱ्या बाजूला गेला, रात्री ऑनलाइन मी एकटी, म्हटलं कशाला ठेवायचं हे धूड, दिलं विकून अर्ध्याच्याही खाली, आणि ज्या एका गेमसाठी दुसरा घेतला तो दोन आठवड्यांत संपला. ग्रुपसुद्धा चार महिन्यांत पांगला, एकाला मूल झालं, एकाची शिफ्ट बदलली. मग एका रविवारी मला एक जुना शेतीचा गेम खेळायची इतकी हुक्की आली, माझं शेत होतं त्यात, कुत्र्याचं नाव पण मीच ठेवलेलं. अकाउंट उघडलं तर गेम दिसतोय, घेतल्याची तारीख दिसतेय, आणि चालवायला मशीन नाही. शेवटी नव्या कन्सोलवर तोच गेम परत विकत घेतला, रिकामं शेत, कुत्रा पण नवीन. तासभर खेळले आणि बंद केला. मला त्या कुत्र्याचं अजून वाईट वाटतं, हस खुशाल.

तर आत्ता विकू नकोस. कायम ठेव असं मी म्हणत नाही, रागात विकू नकोस एवढंच. पुढच्या मशीनबद्दल मायक्रोसॉफ्टने जून २०२५ मध्ये चिप बनवणाऱ्या एएमडीबरोबर करार जाहीर करताना सांगितलंय की सध्याची लायब्ररी पुढेही चालेल, ते खरोखर कसं उतरतं ते समोर येऊ दे, मग ठरव. तोवर नवीन गेम घेताना जरा डोकं लाव, जो गेम दोन्हीकडे आणि पीसीवरही आहे तो आपण नक्की कुठे खेळणार याचा आधी विचार कर. घरात बऱ्यापैकी विंडोज पीसी असेल तर प्ले एनीव्हेअरवाले गेम बघ, एकदा घेतले की एक्सबॉक्स आणि पीसी दोन्हीवर चालतात, फोर्झा होरायझन ५ त्यातलाच आहे, म्हणजे उद्या खोका गेला तरी तेवढं तरी हातात राहील. गिअर्सची अल्टिमेट एडिशन मे २०२५ च्या आधी कधी डिजिटल घेतलेली असेल तर रीलोडेड फुकट मिळायला हवा, अकाउंटमध्ये तपास, भावाने मात्र त्याचे पैसे मोजलेत. आणि गॉड ऑफ वॉर खेळायची अगदीच आग लागली असेल तर पीएस५ घरात आहे की, भाऊ झोपला की खेळ, इतके दिवस न बोलून ती एक सोय तूच बंद करून ठेवली आहेस.

विकणं बरोबर ठरेल असं एकच चित्र मला दिसतं. ती यादी उघडून बघितलीस आणि त्यातलं काहीच परत खेळावंसं वाटलं नाही, आणि ज्यांच्याबरोबर तू रोज खेळतोस ते सगळे तिकडे गेलेत, तर ठेवून काय लोणचं घालायचंय? मग शांतपणे विक. पण तुझ्या पत्रात असं काहीच नाही. तुझ्या पत्रात फक्त एक भाऊ आहे, आणि तू त्याची आधी भरपूर खेचली होतीस हे तूच लिहिलंयस, बरं का.

ते रात्रीचं भांडण मात्र आजपासून बंद. त्या अनोळखी लोकांना तुझ्या खोक्याचं काही पडलेलं नाही, कंपन्यांना तर त्याहून नाही, त्या एकमेकींच्या दुकानात माल विकून मोकळ्या झाल्या आणि पहारा तू देतोयस.

आता भावाचं. फोर्झा होरायझन ५ मध्ये क्रॉसप्ले आहे, तुझा एक्सबॉक्स आणि त्याचा पीएस५ एकाच शर्यतीत उतरू शकतात, सी ऑफ थीव्ह्जमध्ये तर दोघं एकाच जहाजावर, एकाने सुकाणू धरायचं आणि दुसऱ्याने तळातलं पाणी उपसायचं. ऑनलाइन मेंबरशिप दोघांचीही चालू लागेल तेवढं बघ. कित्येक वर्षं तू त्या रस्त्यांवर गाडी चालवतोयस, तो नवशिका आहे, दाराच्या जोकचं उत्तर तिथे पहिल्या वळणावर देता येईल.

आणि एक गोष्ट बहुतेक तुझ्या लक्षात आलेली नाही. पीएस५ वर फोर्झा होरायझन ५ सुरू करायला मायक्रोसॉफ्टचं अकाउंट जोडावंच लागतं, त्याशिवाय गेम पुढे जात नाही. म्हणजे तुझ्या भावाने ते, आणि त्याबरोबर गेमरटॅग हे एक्सबॉक्सवरचं नाव, कधीच बनवलंय, गुपचूप. आज जेवताना एवढंच विचार त्याला, "तुझा एक्सबॉक्सचा गेमरटॅग काय रे?" तोंड नीट बघून घे त्याचं, आणि मग फ्रेंड रिक्वेस्ट पाठव.

तुझी ताई